शुश्रूषागृहांतील बिनपगारी मुखत्यार

अमेरिकेतील वृद्ध-शुश्रूषागृहांत 1965 नंतर मेडिकेअर व मेडिकेड या योजनांतून सरकारी पैसा येऊ लागला, परंतु अंथरुणास खिळलेल्या वृद्धाने घंटा वाजवूनही कोणी फिरकले नाही, तर त्याने दाद कोणाकडे मागावी, याची तजवीज मात्र झाली नव्हती. 1972 साली काही राज्यांत तक्रार-निवारकांचा प्रयोग सुरू झाला आणि 1978 च्या कायद्याने तो प्रत्येक राज्यास बंधनकारक ठरला. मोजक्या पगारी अंमलदारांना हा व्याप झेपणारा नव्हता. म्हणून प्रशिक्षित स्वयंसेवक, त्यांतील कित्येक स्वतःच निवृत्त, खोलीखोलीतून फिरू लागले. निवासी वृद्धाच्या संमतीवाचून सामान्यतः त्याची फिर्याद पुढे न्यावयाची नाही, हे त्यांच्यावरील बंधन मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण जेवणाझोपेची वेळही ज्याच्या हाती नाही, त्याचे गाऱ्हाणे तरी त्याच्याच मालकीचे राहते. दंड ठोठावण्याचा अधिकार मात्र या मुखत्यारांना नाही.