टिंबरलँडचे चाळीस तास आणि बुटाच्या खोक्यावरचा हिशोब

पाऊस सुरू झाला की कंपन्यांच्या वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात. एकसारखे टी-शर्ट, हातात रोप, मागे बॅनर. त्या फोटोंना हसणं सोपं आहे आणि आपण हसतोही. पण कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेत, भरपगारी, समाजाचं काम करायचं ही कल्पना एका कंपनीने तीस वर्षांपूर्वीच फार गांभीर्याने राबवली होती. तिचा इतिहास वाचला की या फोटोंकडे कसं बघायचं हे जरा नीट कळतं. ती कंपनी म्हणजे अमेरिकेतली टिंबरलँड. पिवळसर रंगाचे जाडजूड बूट बनवणारी. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

*सुरुवात*

नेथन स्वॉर्ट्झ हा ओडेसाहून अमेरिकेत आलेला माणूस. १९१८ साली बॉस्टनमध्ये बूट शिवण्याच्या कामावर उमेदवार म्हणून लागला. त्यानंतर तीसेक वर्षं दुसऱ्यांसाठी बूट शिवून, १९५२ मध्ये त्याने ॲबिंग्टन शू कंपनीत अर्धी भागी घेतली. १९५५ मध्ये उरलेली अर्धीही घेतली आणि मुलांना धंद्यात आणलं. बूट ते बनवायचे, नाव मात्र दुसऱ्यांचं लागायचं.

१९६० च्या दशकात त्यांनी एक तंत्र आणलं. सोल शिवायचाच नाही, तर वितळवलेला माल साच्यात ओतून तो थेट वरच्या चामड्याला जोडून टाकायचा. शिवण नाही म्हणजे भोकं नाहीत, आणि भोकं नाहीत म्हणजे पाणी आत शिरत नाही. न्यू इंग्लंडच्या चिखलात आणि बर्फात राबणाऱ्या कामगारांना असाच बूट हवा होता. १९७३ मध्ये तो ‘टिंबरलँड’ नावाने बाजारात आला आणि इतका चालला की १९७८ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं. पुढे मिलानमधल्या फॅशनवेड्या पोरांनी आणि न्यूयॉर्कच्या रॅप गाणाऱ्यांनी तो उचलला आणि कामगारांचा बूट जगभर गेला.

तो न शिवलेला सोल लक्षात ठेवा. पुढे त्याची गोष्ट परत येणार आहे.

*पन्नास जोड*

१९८९ मध्ये बॉस्टनच्या ‘सिटी इयर’ या तरुण संस्थेने कंपनीकडे पन्नास जोड बूट मागितले. ही संस्था तरुण मुलामुलींना वर्षभर समाजाच्या कामाला जुंपायची. मागणी साधी होती, देणगी म्हणून बूट पाठवले की विषय संपला असता. पण नेथनचा नातू जेफ्री स्वॉर्ट्झ त्यांच्यासोबत स्वतः कामाला गेला. अर्ध्या दिवसाचं ते काम त्याच्या डोक्यात बसलं.

१९९२ मध्ये कंपनीने ‘पाथ ऑफ सर्व्हिस’ सुरू केलं. प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाला १६ तास भरपगारी मिळणार, ते समाजाच्या कामात घालवायचे. त्याच दशकात हे तास ४० झाले. म्हणजे अख्खा एक आठवडा. कुणी शाळेच्या भिंती रंगवल्या, कुणी नदीकाठ साफ केला, कुणी बागा लावल्या. पुढे वर्षातून एक दिवस सगळ्यांनी मिळून कामाला लागायचं, असा कार्यक्रमही सुरू झाला.

याची परीक्षा लगेचच झाली. १९९५ मध्ये कंपनी तोट्यात गेली. अमेरिकेतले कारखाने बंद झाले, माणसं घरी बसली. आता ही सेवेची चैन कशाला, असा दबाव आला. स्वॉर्ट्झने कार्यक्रम बंद केला नाही. त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण ज्याची नोकरी गेली त्याच्या बाजूनेही एकदा बघा. त्याच्या गावातला कारखाना बंद होतो आणि कंपनी दुसऱ्या गावात बाग लावते. शिवाय ही भरपगारी तासांची सवलत कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना होती. बूट बनवणारे बहुतेक हात पुढे आशियातल्या कंत्राटी कारखान्यांमध्ये होते, आणि ते या हिशोबात नव्हते.

*वाळवंटातली झाडं*

२००१ मध्ये कंपनीच्या जपानमधल्या लोकांनी चीनच्या इनर मंगोलियातल्या होरचिन भागात झाडं लावायला सुरुवात केली. हा एकेकाळचा गवताळ माळ. अति चराई आणि शेतीसाठी नांगरट यांमुळे गवताची मुळं सुटली आणि खालची वाळू वर आली. उत्तर चीन आणि मंगोलियाच्या अशा उघड्या पडलेल्या जमिनींवरून उठणारी पिवळी धूळ वसंतात थेट जपानपर्यंत पोचते. त्यामुळे जपानमधल्या माणसाने तिथे जाऊन झाड लावणं हे वाटतं तितकं लांबचं काम नव्हतं.

एका दिवसाचा फोटो काढून ही माणसं परतली नाहीत. स्थानिक पातळीवर काम करणाऱ्या संस्थेला धरून वर्षानुवर्षं जात राहिली. २०१० पर्यंत दहा लाख झाडांचा टप्पा गाठला गेला.

त्याच वर्षी हैतीत ५० लाख झाडांचं काम सुरू झालं. इथली पद्धत मला जास्त शिकण्यासारखी वाटते. रोपवाटिका शेतकऱ्यांच्याच संघटनेने चालवायची. शेतकऱ्याने तिथे श्रम द्यायचे, त्या बदल्यात त्याला चांगलं बियाणं, अवजारं आणि शेतीचं प्रशिक्षण मिळायचं. हैतीत एकमेकांच्या शेतात मिळून राबण्याची जुनी रीत आहे, तिला ‘कोंबिट’ म्हणतात. आपल्या इर्जिकीचीच बहीण म्हणा. झाड लावणाऱ्याचा झाड जगण्यात फायदा असेल तर झाडाला राखण करायला वेगळा माणूस लागत नाही.

*खोक्यावरचा तक्ता*

२००६ मध्ये कंपनीने बुटाच्या खोक्यावर एक तक्ता छापला. बिस्किटाच्या पुड्यावर पोषणमूल्यांचा असतो तसा. बूट बनवायला वीज किती लागली, कंपनीच्या विजेतली अपारंपरिक किती, समाजासाठी किती तास दिले, कारखान्यांची तपासणी झाली का, बालकामगार आहेत का. पुढच्या वर्षी ‘ग्रीन इंडेक्स’ आला. हवामानावरचा परिणाम, रसायनं आणि कच्चा माल या तीन गोष्टींवरून बुटाला शून्य ते दहा गुण. गुण जितके कमी तितका बूट बरा.

त्याच सुमारास ‘अर्थकीपर्स’ नावाची बुटांची मालिका निघाली. आतल्या कापडात प्लास्टिकच्या बाटल्यांपासून काढलेला धागा, सोलमध्ये ४२ टक्क्यांपर्यंत पुन्हा वापरलेलं रबर. दोनेक वर्षांनी असा बूट आला की जो वापरून झाल्यावर सुटा करता येईल आणि त्यातला बराचसा भाग पुन्हा वापरता येईल.

आता तो सोल आठवा. जो सोल चामड्याला कायमचा चिकटवला म्हणून कंपनी मोठी झाली, तोच चिकटलेला सोल पुढे अडचण ठरला. शिवलेल्या बुटाचा सोल उसवून नवा लावता येतो. साच्यात ओतून जोडलेला सोल झिजला की बहुतेक वेळा बूटच जातो. आपल्या नाक्यावरचे चप्पल-बूट दुरुस्त करणारे काका हे एका नजरेत सांगतील. पर्यावरणपूरक बुटाचा पहिला प्रश्न ‘कशाचा बनवलाय’ इतकाच नसतो, ‘किती वर्षं टिकेल आणि दुरुस्त होईल का’ हाही असतो.

हिशोब मांडायला बसल्यावर कंपनीला आणखी एक गोष्ट दिसली. ऑफिसात दिवे बदलून, गोदामावर सौर पॅनेल लावून फरक पडतो, पण थोडा. बुटाचा खरा भार कच्च्या मालात असतो आणि त्यातही चामड्यात. गुरं, त्यांचा चारा, त्यासाठी लागणारी जमीन, मग टॅनरीतलं पाणी आणि क्रोम. टॅनरीची किंमत काय असते हे आपल्याला तमिळनाडूच्या पालार नदीने दाखवलंय. वेल्लोरच्या नागरिकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व आपल्या कायद्यात पक्कं केलं, ते टॅनऱ्यांच्याच प्रकरणात.

टिंबरलँडने इतर ब्रँडना सोबत घेऊन २००५ मध्ये टॅनऱ्या तपासणारा ‘लेदर वर्किंग ग्रुप’ उभा केला. पाणी किती, वीज किती, रसायनं कुठली, हे तपासायचं. काम चांगलं होतं. पण तपासणी टॅनरीच्या दारात थांबत होती. कातडं ज्या गुरांचं, ती कुठे चरली हे कुणी विचारत नव्हतं.

*६५ हजार ईमेल*

१ जून २००९ पासून जेफ्री स्वॉर्ट्झकडे ईमेल येऊ लागले. ग्रीनपीसने ब्राझीलच्या गुरांवर अहवाल काढला होता. ॲमेझॉनचं जंगल तोडून कुरणं केली जातात, तिथल्या गुरांचं कातडं मोठमोठ्या ब्रँडच्या बुटांपर्यंत पोचतं, असा आरोप. थोड्याच आठवड्यांत ६५ हजार ईमेल जमले. पुढच्या वर्षी स्वॉर्ट्झने हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये यावर लेख लिहिला आणि त्यात आपला राग लपवला नाही. इतकी वर्षं आम्ही झाडं लावतोय, आणि आमच्याच दारात?

राग समजण्यासारखा आहे. पण प्रश्न खरा होता. तुमच्या बुटाचं चामडं कुठल्या जमिनीवरच्या गुराचं आहे, याचं ठाम उत्तर कंपनीकडे नव्हतं. गुरं मांसासाठी पाळतात, कातडं हे त्यातून निघणारं उत्पादन. कत्तलखान्यात सगळी कातडी एकत्र होतात, मग माग काढायचा कसा? ‘अवघड आहे’ एवढं म्हणून विषय मिटवता आला असता. कंपनीने तसं केलं नाही. चामडं पुरवणाऱ्याकडे तगादा लावला आणि काही आठवड्यांतच नव्याने जंगल तोडलेल्या भागातली गुरं न घेण्याची हमी मिळवली. नाइकी, आदिदास, क्लार्क्स यांनीही दबाव आणला. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलच्या चार बड्या मांस कंपन्यांनी तसा करार केला.

सतरा वर्षांच्या स्वयंसेवेने चामड्याचा जो प्रश्न सुटला नव्हता, तो बाहेरच्या लोकांनी विचारल्यावर काही आठवड्यांत निदान हलला. म्हणजे स्वयंसेवा खोटी होती का? मला तसं वाटत नाही. इतकी वर्षं कंपनीने स्वतःच्या तोंडाने ‘आम्ही जबाबदार आहोत’ म्हटलं होतं, आकडे छापले होते, म्हणूनच तिला प्रश्न झटकता आला नाही. पण तास आणि झाडं हे एक खातं, आणि विकायचा माल हे दुसरं. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्या खात्यात वळती होत नाही.

*पुढे काय झालं*

२०११ मध्ये व्हीएफ कॉर्पोरेशनने सुमारे दोन अब्ज डॉलरना टिंबरलँड विकत घेतली आणि स्वॉर्ट्झ कुटुंब बाहेर पडलं. सेवेचे तास टिकले. २०१९ मध्ये कंपनीने २०२५ पर्यंत पाच कोटी झाडांचा संकल्प जाहीर केला. त्याच वर्षी ॲमेझॉनमध्ये वणवे पेटले, आणि व्हीएफला ब्राझीलचं चामडं घेणं थांबवावं लागलं. कारण? ते जंगलतोडीशी जोडलेलं नाही याची खात्री देता येत नव्हती. दहा वर्षांनी तोच प्रश्न.

गुणपत्रिकेचंही असंच झालं. एका कंपनीच्या गुणांना अर्थ कधी, तर दुसऱ्या कंपनीचे गुण शेजारी असतील तेव्हा. म्हणून पुढे सगळ्या उद्योगाने मिळून ‘हिग इंडेक्स’ तयार केला. २०२२ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने त्याच्या आकड्यांवर केलेली जाहिरात ग्राहकांची दिशाभूल करणारी ठरवली. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासली की शेवटी कुणीतरी बाहेरचा फेरतपासणी मागतोच.

*आपल्याकडे*

आपल्याकडे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक आहे. गंमत म्हणजे कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैसे लावून ते या खर्चात दाखवता येत नाहीत. मला हे योग्य वाटतं. नाहीतर एका रविवारच्या रोपं लावण्याचे साहेबांच्या पगाराने पैसे लावले असते. पण कायद्यातली फट दुसरीकडे आहे. खर्च किती केला हे विचारलं जातं, कंपनीचा माल आणि सांडपाणी काय करतंय हे त्या रकान्यात येत नाही. आणि झाडांचं म्हणाल, तर सरकारच्या ३३ कोटी वृक्षलागवडीतली किती जगली यावरूनही आपल्या विधिमंडळात चौकशी समितीची वेळ आली होती. तेव्हा फक्त कंपन्यांकडे बोट दाखवून चालणार नाही.

म्हणून फोटो दिसला की हसण्याआधी चार गोष्टी विचारा. मागच्या वर्षी लावलेल्यातली किती झाडं उभी आहेत? राखण कोण करतंय आणि त्याला त्यातून काय मिळतंय? आकडे कुणी तपासले? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही कंपनी जे विकते ते कुठून येतं आणि वापरून झाल्यावर कुठे जातं?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं अनेक कंपन्या देऊ शकतील. चौथ्यावर टिंबरलँडसारखी कंपनीही अडखळली. तरीही तिच्या बाजूने एक गोष्ट मानायला हवी, प्रश्न विचारल्यावर तिने दार लावून घेतलं नाही.

तुमच्या गावात, तुमच्या टेकडीवर कुठल्या कंपनीने झाडं लावली असतील तर या रविवारी जाऊन मोजून या. लावली किती, उभी किती, एवढे दोनच आकडे खाली लिहा. कंपनीचं नाव लिहिलं नाही तरी चालेल.