सैनिकाचे हृदय

काही वर्षांपूर्वी माझी बदली ब्रह्मपुत्रेकाठच्या एका गावी झाली होती. मुलांच्या शाळेसाठी कुटुंब पुण्यासच राहिले होते. एके रात्री दोनच्या सुमारास मी दचकून जागा झालो, तो छातीत घणाचे घाव पडत आहेत, तळहात घामाने भिजले आहेत आणि पुढचा श्वास येतो की नाही अशी अवस्था. सकाळी डॉक्टरांनी छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला आणि हसून सांगितले, "काळजीचे कारण नाही, हृदय ठणठणीत आहे." त्या शब्दांनी दोन दिवस बरे वाटले; तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. हृदय ठणठणीत असेल तर ते असे वागते का, हे काही केल्या उमगेना, तेव्हा मी ग्रंथांकडे वळलो. हाच प्रश्न वैद्यकशास्त्राने दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता, आणि तोही घरापासून दूर धाडलेल्या माणसांविषयीच, असे तेथे आढळले.

अमेरिकेतील यादवी युद्ध 1861 ते 1865 असे चालले. त्या काळात फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालयात जेकब मेंडिस डा कोस्ता या वैद्याकडे एका विशिष्ट प्रकारचे सैनिक येऊ लागले. अंगावर जखम नाही, परंतु छाती धडधडते, छातीत कळ येते, दम लागतो, चक्कर येते, झोप लागत नाही. रुग्णालयात काही काळ राहून बरे होत, पलटणीत परत जात आणि पुन्हा आजारी पडत. अशा 300 रुग्णांचा अभ्यास करून डा कोस्ताने 1871 साली आपला निबंध प्रसिद्ध केला आणि या व्याधीला 'चिडखोर हृदय' असे नाव दिले. कारणे म्हणून त्याने लांबच्या कूचांचा शीण, ताप, अतिसार यांची नोंद केली. नाडी तो अचूक मोजत होता; पण ती नाडी मोजू लागताच रुग्णाच्या मनात काय येते, हे विचारण्याची त्या काळी रीत नव्हती.

याच सुमारास इंग्लंडमध्ये लष्करी वैद्यांनी निराळाच गुन्हेगार पकडला. सैनिकाच्या पाठीवरील पिशवी, तिचे छातीवरून जाणारे पट्टे आणि गळ्याशी आवळलेला गणवेश यांमुळे हृदयावर दाब पडतो, असे आर्थर मायर्सने 1870 साली प्रतिपादिले. सरकारी मनाला हे कारण फार रुचले असावे. पट्टा बदलण्याचा हुकूम काढता येतो, भय बदलण्याचा काढता येत नाही. पुढे सामानाची रचना बदलली, पण सैनिकांची छाती धडधडावयाची ती धडधडतच राहिली. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून अर्जुन आपल्या देहाची जी अवस्था श्रीकृष्णाला सांगतो, ती डा कोस्ताच्या टिपणवहीत सहज सामावली असती. त्या वेळी कोणी त्याच्या भात्याच्या पट्ट्याला दोष दिला नाही, एवढेच.

हे दुखणे केवळ पलटणीपुरते नव्हते. अमेरिकेत जॉर्ज बिअर्डने 1869 साली नागरी जनांच्या अशाच तक्रारींना 'मज्जादौर्बल्य' म्हटले. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात आणि इतर वसाहतींत नोकरीवर असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी त्याचीच 'उष्णकटिबंधीय' आवृत्ती निघाली. दोष उन्हाचा, उपाय थंड हवेचे ठिकाण किंवा मायदेशाची रजा. त्याच कचेरीत त्याच उन्हात बसणाऱ्या देशी कारकुनासाठी अर्थातच हे नाव घडविलेले नव्हते. दरम्यान 1895 साली व्हिएन्नामध्ये सिग्मंड फ्रॉइडने मज्जादौर्बल्याच्या या मोठ्या गाठोड्यातून भयाच्या झटक्यांची व्याधी वेगळी काढली. त्याने सांगितलेली कारणमीमांसा आज मान्य नाही. पण छाती, श्वास आणि घाम यांच्या तक्रारी भयाच्याच खात्यावर मांडण्याचे धाडस त्याने केले, हे विसरता येत नाही.

पहिल्या महायुद्धात 'सैनिकाचे हृदय' घेऊन परतणाऱ्यांची संख्या एवढी वाढली की ब्रिटिश सरकारला त्यांच्यासाठी लंडनमध्ये हॅम्पस्टेड येथे वेगळे रुग्णालय उघडावे लागले. तेथे टॉमस लुईस या हृदयतज्ज्ञाने एक गोष्ट ओळखली. अंथरुणावर पडून राहिल्याने हे रुग्ण सुधारत नाहीत, उलट अधिकच खचतात. त्याने त्यांना खाटेवरून उठविले आणि चढत्या क्रमाने कवायत करावयास लावली. पुष्कळ जण सुधारले. 1918 साली आलेल्या पुस्तकात त्याने व्याधीला 'श्रमाचा लक्षणसमूह' हे नवे नाव दिले. कवायतीने स्नायू बळकट झाले हे खरेच. परंतु मला वाटते, रोज थोडे अधिक धावूनही आपण कोसळत नाही, हे त्या तरुणांना स्वतःच्या पायांनी कळले, हाच त्यातला मोठा गुण.

भयाच्या वेळी देहात नेमके काय घडते, हे तोपर्यंत बरेच स्पष्ट झाले होते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने 1915 साली दाखविले की संकटाची चाहूल लागताच ॲड्रिनॅलिन हा स्राव रक्तात उतरतो, हृदय वेगाने धावू लागते, रक्त स्नायूंकडे वळते. देह लढावयास किंवा पळावयास सज्ज होतो. पण संकट समोर नसून मनात असेल, तर ही सारी सज्जता वाया जाते, आणि माणूस त्या सज्जतेलाच आजार समजतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1941 साली, पॉल वुड या हृदयतज्ज्ञाने नेमके हेच मांडले. ही लक्षणे श्रमाची नसून भयाची आहेत. रुग्ण त्यांचा अर्थ चुकीचा लावतो, आपले हृदय बिघडले असे धरून चालतो, त्या समजुतीने आणखी घाबरतो, आणि हे चक्र फिरत राहते. एका हृदयतज्ज्ञाने हृदयाला निर्दोष ठरवावे, हा या कथेतला न्याय मला फार आवडतो.

मात्र हे ज्ञान रुग्णाच्या हाती देण्याचे श्रेय प्रामुख्याने एका बाईकडे जाते. क्लेअर वीक्स ही सिडनीची प्राणिशास्त्रज्ञ. तरुणपणी तिला क्षय झाल्याचे चुकीचे निदान झाले आणि सहा महिने आरोग्यधामात काढावे लागले. बाहेर आली ती धडधडणारी छाती घेऊनच. क्षय नव्हता, पण दिवसरात्र स्वतःच्या नाडीवर लक्ष ठेवण्याची सवय जडली होती. तेव्हा महायुद्धातून परतलेल्या एका मित्राने तिला सांगितले की ही धडधड केवळ भीतीची आहे, आणि तीच आता तिला भिववीत आहे. खंदकात सैनिकांचेही असेच होत असे. हे एक वाक्य तिला पुरले. पुढे ती वैद्यकाकडे वळली, 1945 साली डॉक्टर झाली आणि 1962 साली तिने सामान्य वाचकांसाठी या विषयावर पुस्तक लिहिले. पहिले भय आणि दुसरे भय असा भेद तिने केला. पहिले भय आपोआप उसळते. ते आपल्या हातचे नाही. दुसरे भय म्हणजे त्या उसळीला पाहून आपण म्हणतो, "अरे देवा, पुन्हा आले!" हे दुसरे भयच पहिल्याला परत बोलावून आणते. तिने सांगितलेली वाट चार पावलांची आहे: त्याला सामोरे जावे, ते स्वीकारावे, अंग न आवळता त्यावर तरंगत राहावे, आणि काळ जाऊ द्यावा. झुंजू नये, हे विशेष. झुंज म्हणजे आणखी ॲड्रिनॅलिन.

विद्वानांनी तिच्याकडे बरीच वर्षे दुर्लक्ष केले. पुढे 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत या झटक्यांना स्वतंत्र व्याधीचे स्थान मिळाले, आणि 1986 साली इंग्लंडमध्ये डेव्हिड क्लार्कने शारीरिक संवेदनांचा घातक अर्थ लावणे हेच झटक्याचे मूळ, असा सिद्धांत मांडला. आजची बोलण्यातून होणारी चिकित्सा त्यावर आधारलेली आहे. जोडीला औषधेही आहेत. छातीच्या दुखण्यात प्रथम हृदयाची तपासणी करून घेणे हे अर्थातच आवश्यक. ती तपासणी एकदा नीट करावी. दर आठवड्याला करीत बसणे हे दुसऱ्या भयाचेच काम.

माझ्या त्या गावी मी पुढे दोन वर्षे काढली. झटके आले, कमी झाले, एकदा पावसाळ्यात पुन्हा आले. त्या रात्री मी उठून दिवा लावला नाही आणि नाडीही पाहिली नाही. बाहेर बेडूक ओरडत होते, ते ऐकत पडून राहिलो. वीक्सबाईंना त्यांच्या उतारवयात रॉबर्ट ड्यूपॉन्ट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने विचारले होते, की तुम्हांला स्वतःला असे झटके कधी आले काय. त्या उत्तरल्या, की हो, अजूनही येतात, कधी कधी तर रात्री झोपेतून जागे करतात. त्याने सहानुभूती दाखविताच बाईंनी त्याला थांबविले आणि सांगितले, की ती दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवा, मला या गोष्टीचे काहीच वाटत नाही.