खानदेशातील संग्रहालये व इतिहासस्थळे

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील इतिहासाभ्यासाची केंद्रे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि १९२७ च्या जानेवारीत तेथेच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली दप्तरे, जुन्या पोथ्या व कागदपत्रे हे त्याचे मूळ धन. ‘संशोधक’ हे नियतकालिक मंडळाचेच. धुळ्यातीलच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखिते आहेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी ती जमवली.

चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील १२०७ सालचा शिलालेख विशेष मोलाचा आहे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्या मठाला मिळालेल्या देणग्या यात नोंदल्या आहेत. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला तरी दानाचा तपशील मराठीत आहे: बाजारातील मालावरील राजभागाचा हिस्सा आणि दर तेलघाण्यामागे पळीभर तेल. गणिताच्या पाठशाळेला तेल्यांचा असा हातभार होता, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. चंडिकादेवीचे मंदिर व पितळखोऱ्याची लेणी याच परिसरात असल्याने एका फेरीत सर्व पाहता येते.

जळगावजवळ जैन हिल्सवर २०१२ मध्ये गांधीतीर्थ हे संग्रहालय सुरू झाले. तेथे दृक्-श्राव्य साधनांवर भर आहे. स्थानिक इतिहासासाठी मात्र पाटण्यालाच जावे लागते.