ग्रामण्य आणि मुरूडचे कर्वे

ज्या काळी भटजी, न्हावी, परीट, पाणवठा आणि पंगत यांच्यावाचून गृहस्थाचा संसार चालत नसे, त्या काळी ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्कार, करणाऱ्यांना फौजेची वा तुरुंगाची गरज नव्हती. पेशवाईत त्यांच्या निवाड्यामागे सरकारचा हुकूमही उभा राही, आणि इंग्रजी अमलात तो आधार सुटल्यावरही बहिष्काराची जरब फारशी ओसरली नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य उपस्थित झाले, त्यात टिळकांसारख्या करारी पुरुषालाही काशीतील प्रायश्चित्ताचा दाखला पुढे करावा लागला, आणि १८९२ मध्ये स्नेह्यांच्या कुटुंबांची कोंडी पाहून न्यायमूर्ती रानड्यांनी, सुधारकांचा रोष पत्करून, प्रायश्चित्त घेतले.

पुढच्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या, विधुर झालेल्या धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्यांच्या गावी, मुरूडला, गावकऱ्यांनी सभा भरवून त्यांना वाळीत टाकले, आणि त्यांना घरात थारा दिल्यास थोरल्या भावावरही बहिष्कार पडेल, असे बजावले. ज्या गावाच्या हितासाठी याच गृहस्थाने 'मुरूड फंड' उभारून पैपैसा जमवला होता, त्याच गावाने हे करावे, यातला उपरोध कर्व्यांनी मात्र कधी बोलून दाखवला नाही.

रानडे नमले तिथे कर्वे टिकले, ते कॉलेजच्या पगाराला गावकीचा हात पोहोचत नव्हता म्हणून, असे म्हणावे, तर रानड्यांची सरकारी नोकरी त्याहून कितीतरी भक्कम होती. विद्वत्तेचा आणि वक्तृत्वाचा हिशेब मांडला, तर कर्व्यांचे पारडे उघडच हलके. मला वाटते, रानड्यांच्या व्यापक बुद्धीला प्रत्येक पक्षाची अडचण दिसे आणि तिचा मुलाहिजा राखणे त्यांना कर्तव्य वाटे. उलट कर्वे स्वभावाने भिडस्त, शंभर गोष्टींत नमते घेणारे, पण मनाशी एकदा ठरवलेली एक गोष्ट सोडणे त्यांना साधतच नसे. परीक्षेसाठी लहान वयात कोकणातून घाट चढून साताऱ्यापर्यंत पायपीट केलेला, आणि तिथे वय लहान दिसते म्हणून परत पाठवला गेलेला हा मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेच्या तयारीला लागला, यात त्यांच्या पुढील वर्तनाचे बीज सापडते. ग्रामण्याचा सारा डाव माणूस चिडेल किंवा शरण येईल या अपेक्षेवर बेतलेला असे. कर्वे चिडलेही नाहीत, शरणही गेले नाहीत.

हाच हेका सुधारकांनाही सोसावा लागला. १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेल्या आश्रमाचा पुनर्विवाहाच्या चळवळीशी संबंध नसावा, अन्यथा आईबाप मुली पाठवणार नाहीत, असे ठरवून ते त्या चळवळीपासून जाणूनबुजून दूर राहिले. एकेकाळचा पुढारी कच खातो आहे, ही कुजबुज कानी येऊनही त्यांनी आश्रमाचा तो नियम बदलला नाही.