विणणे

विणणे (सकर्मक क्रियापद) : धागे, पट्ट्या किंवा काड्या एकमेकींत अडकवून सलग वस्तू तयार करणे. भूतकाळी ‘विणले’. साधित शब्द : वीण, विणकर, विणकाम. शेवटची दोन्ही अक्षरे ‘ण’चीच, ‘विनणे’ हे लेखन चुकीचे.

मागावरचे कापड आणि सुयांवरचा स्वेटर यांसाठी इंग्रजीत ‘वीव्ह’ आणि ‘निट’ अशी दोन क्रियापदे आहेत. कापडात उभ्या ताण्यातून आडवा बाणा जातो, तर स्वेटरात एकच धागा फासे घेत पुढे सरकतो. मराठीला हा फरक क्रियापदात दाखवावासा वाटला नाही. चादर, स्वेटर, बाज, टोपली, चटई हे सारे विणलेच जाते. कोळी जाळे विणतो, सुगरण खोपा विणते. वेणी मात्र घालतात आणि गजरा गुंफतात किंवा ओवतात.

सोलापुरी चादर जॅकार्ड मागावरची. तिच्यावरची नक्षी छापलेली नसते, कापडाबरोबर विणली जाते. म्हणून ती उलट्या बाजूलाही दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे.

सोलापूर शहरातली पहिली कापड गिरणी १८७७ची, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. ‘वीव्हिंग’ नावातच असूनही लोकांच्या तोंडी ती जुनी गिरणीच राहिली. यंत्रमागावरही हेच घडते : कामगार ‘माग चालवतो’, ‘विणतो’ असे क्वचितच म्हटले जाते. विणण्यात हात लागतो, ही भाषेची समजूत इथे जागी दिसते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत विणण्याला ‘नेयु’ म्हणतात, कन्नडमध्येही त्याच्या जवळचा ‘नेय्’ आहे. क्रियापद वेगळे, पण माग तेलुगूत ‘मग्गम’, कन्नडमध्ये ‘मग्ग’. तीन भाषांच्या या शहरात यंत्राचे नाव सर्वांनाच ओळखीचे.

लाक्षणिक वापरात नात्यांची वीण घट्ट असते किंवा उसवते, आणि कथेची वीण सैल पडते. ‘स्वप्ने विणणे’ मात्र वापरून गुळगुळीत झाले आहे. जनावरांच्या पिलावळीलाही ‘वीण’ म्हणतात. तो शब्द ‘व्यायणे’शी जोडलेला, विणण्याशी त्याचा संबंध नाही. ‘तुजविण’मधला ‘विण’ म्हणजे ‘वाचून’, तोही वेगळाच.