उघड्या दाराचा वाद

पुण्याजवळच्या दिघी-चाकण पट्ट्यातल्या चर्चमध्ये किशोरवयीनांना घडवण्याची जी धडपड दिसते, तिचा इतिहास शोधायचा तर पुण्यातल्या शारदा सदनाकडे वळावे लागते. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंनी ही मुलींची शाळा 1889 मध्ये मुंबईत काढली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आणली. धर्म शिकवायचा नाही, ही अट त्यांनी मान्य केली होती. मात्र स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी त्या दार लावून घेत नसत, आणि मुली आत येऊन बसत. 1893 मध्ये मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्यावरून वाद पेटला. समाजसुधारक रानडे, भांडारकर शाळेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अट शब्दशः पाळली गेली होती, तरी टीकाकारांचे निरीक्षण चुकीचे नव्हते: त्या वयात मूल धड्यापेक्षा आवडत्या माणसाच्या वागण्यातून अधिक शिकते.

निराधार मुलींची धर्माची ही निवड मोकळी कशी, असा आक्षेप उरतोच. 1896-97 च्या दुष्काळातून रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आलेल्या मुलींबाबत तर तो अधिकच बोचतो, कारण अन्न आणि उपासना एकाच छपराखाली होती. पण केवळ दडपण म्हटले, तर पुढचे उलगडत नाही. छपाई, विणकाम शिकलेल्या या मुलींनी 1905 च्या तिथल्या धार्मिक जागृतीत स्वतःच प्रार्थनागट चालवले आणि गावोगाव जाऊन उपदेश केला. नुसत्या आज्ञाधारक मुलींकडून हे झाले नसते, असे मला वाटते. रमाबाईंनी त्यांना श्रोत्यांच्या रांगेत बसवून ठेवले नाही; जबाबदारी लवकर हाती दिली.