वेरूळच्या वाटेवर खुलताबाद

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे जुन्या औरंगाबादहून, एका दिवसाची सहल ठरलेली असते: दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळ. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. खुलताबादला गाडी थांबते ती बहुधा औरंगजेबाच्या कबरीपुरती. 2025 मध्ये त्या कबरीवरून वाद पेटला, तेव्हाही खुलताबाद म्हणजे तेवढंच, असं चित्र उभं राहिलं.

पण 1707 मध्ये औरंगजेबाला इथे आणलं गेलं ते शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात दफन करण्यासाठी. म्हणजे गावाची थोरवी आधीचीच. 1327 मध्ये मुहंमद तुघलकाने देवगिरीला राजधानी केली, तिला दौलताबाद म्हटलं. दिल्लीहून हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीदही आले. काही वर्षांत राजधानी परत गेली; बुऱ्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी इथल्याच मातीत विसावले.

मलिक अंबरची कबरही इथेच. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. 1610 च्या सुमारास त्याने खडकी वसवली. तेच आजचं शहर. त्याच्या शहरातून निघालेले पर्यटक त्याच्या कबरीवरून न थांबता पुढे जातात.

दौलताबादला एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी किल्लेदार होते. त्यांचे गुरू सूफी चांद बोधले, असं परंपरा सांगते.

तेव्हा वेरूळला जाताना खुलताबादसाठी दोन तास राखून ठेवा. मुलांना सोबत न्या. एका कबरीच्या भांडणात बाकीच्यांची नावं त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नाहीत.